न विकायचं पीक

घरच्या हिशेबाच्या वहीत तागाच्या नावावर फक्त खर्च आहे. बियाणं, नांगरट, मजुरी. जमेला काही नाही, कारण ताग आम्ही विकत नाही. वाढवतो आणि त्याच रानात गाडतो. लग्न होऊन वाळवा तालुक्यात आले तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. माहेर मुंबईच्या चाळीतलं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. उसाचा खोडवा निघालेल्या रानात त्यांनी पहिल्या पावसावर ताग टाकला. तो माणसाच्या उंचीचा झाला, पिवळी फुलं दिसायला लागली, आणि लगेच पाटा फिरवून आडवा केला गेला. मला वाटलं, काहीतरी मोठं नुकसान झालंय आणि घरात कुणी बोलत नाही.

मी आत्यांना विचारलं. त्यांनी उरलेल्यातलं एक रोप मुळासकट उपटलं आणि मुळावरची गाठ नखानं फोडली. आत गुलाबी.

"अशी लाल निघाली की समजायचं, मूळ कामाला लागलंय," त्या म्हणाल्या.

गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये दाखवलं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या द्रव्याचा. हे मी फार उशिरा वाचलं. आत्यांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, पण जिवंत गाठ कुठली आणि मेलेली कुठली हे त्यांना बोटांनी कळायचं. मी शेती शिकले ती त्या बोटांमागे फिरून.

पुढे त्यांचे गुडघे धरले आणि रान माझ्याकडे आलं. मातीपरीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' असा शेरा होता. मला फार वाईट वाटलं. इतक्या पावसाळ्यांत ताग गाडला, तो गेला कुठे?

कोवळा ताग आपल्या उष्ण, ओल्या मातीत थोड्याच आठवड्यांत कुजतो. नत्र पिकाला मिळतं, पण बराचसा कर्ब वायू होऊन हवेत जातो. कर्ब द्यायला आमच्याकडे उसाचं पाचट होतं, आणि ते सगळ्या गावाबरोबर आम्हीही पेटवत होतो. पाचट पेटवायच्या दिवशी आत्या रानात येत नसत, हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी एकदा विरोध केला होता. कुणी ऐकलं नव्हतं.

न पेटवण्यातही अडचण होतीच. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पण मातीत टिकणाऱ्या ह्यूमसमध्ये कर्बाच्या दहा-बारा भागांमागे नत्राचा एक भाग लागतो. म्हणजे पाचट आणि ताग यांना एकमेकांची गरज आहे. एकाकडे कर्ब, दुसऱ्याकडे नत्र. मी हे आत्यांना उत्साहानं सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग निम्म्या रानात करून बघ. सगळ्यात नको." त्यांचं माहेर तासगावकडचं. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराच्या बैठकांना त्यांचे भाऊ जायचे, आणि करून बघायची ही शिस्त त्या घरातून आली होती. माझ्या घाईला तिनं फार वेळा आवरलं आहे.

पाचट पेटवण्याबरोबर ताग गाडणंही हळूहळू कमी केलं. आता बराचसा विळ्यानं कापून सरीत पसरतो आणि मुळं जागच्या जागी ठेवतो. वरच्या पाल्यापेक्षा मुळांतला कर्ब जास्त टिकतो. तो मातीच्या आतच तयार होतो आणि काळ्या मातीचे बारीक कण त्याला धरून ठेवतात. अहवालातला आकडा फार सावकाश हलतो. त्याआधी रान सांगतं: मोठ्या पावसानंतर पाणी साचत नाही, ढेकूळ हातात सहज फुटतं. आत्यांनी यातलं थोडं पाहिलं, सगळं नाही. याचं मला दुःख आहे.

भांगलणीला येणाऱ्या काही बायका अर्धेलीनं रान करतात. तागासाठी अख्खा हंगाम सोडणं त्यांना परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणणाऱ्याला उपदेश करू नये असं मला वाटतं. आत्यांनी त्यांना चवळी सुचवली होती. शेंगा तोडून बाजारात न्यायच्या, वेल रानातच ठेवायचा. शेंगांबरोबर बरंचसं नत्र निघून जातं, तागाइतकं काम होत नाही. पण घरात पैसा येतो आणि माती उघडी राहत नाही. चवळीचं बी आत्या बांधाकडेच्या पट्ट्यात धरायच्या आणि त्या बायकांना पेरणीआधी पोचवायच्या. ते काम आता माझ्याकडे आहे.