चोवीस वड्या

आमच्या घरात एक पत्र्याचा ट्रे आहे. एक वीत रुंद, दीड वीत लांब आणि दोन बोटं खोल. एका कोपऱ्याला पोचा आलेला. हा ट्रे माझा का दादाचा, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. पण तसं व्हायला आम्हा दोघा भावांची सतरा वर्षं गेली.

आमची आई पांचगणीला एका पारशी बाईंच्या बंगल्यावर कामाला होती. गावापासून चार मैल. सकाळी चालत जायची, दिवेलागणीला चालत यायची. बाईंच्या स्वयंपाकघरात भट्टी होती. पिठाचा एक थर, त्यावर घरच्या स्ट्रॉबेरीचा जाम, वरून परत पीठ भुरभुरायचं आणि भट्टीत भाजायचं, असा एक पदार्थ बाई करायच्या. त्याचं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती म्हणायची, जामच्या वड्या. पुढं बाई बंगला मोडून मुंबईला गेल्या, तेव्हा आईला एक लुगडं आणि हा ट्रे देऊन गेल्या.

आमच्याकडं कुठली भट्टी? पण आईनं डोकं चालवलं. अंगणात तीन दगड मांडायचे, त्यावर मोठं घमेलं, घमेल्यात वाळू. खाली निखारे. वाळू तापली की तिच्यावर ट्रे ठेवायचा, वरून पत्रा झाकायचा आणि पत्र्यावरही निखारे पसरायचे. निखाऱ्यांचं काम थोरल्याकडं, म्हणजे दादाकडं. माझ्याकडं जामाचं पातेलं, कारण मी लहान आणि निखाऱ्यात हात घालील ही भीती.

जामाचं गणित आईचं पक्कं होतं. किलोभर फळाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबं. सगळी फळं पिकलेली घ्यायची नाहीत. मूठभर निमकच्ची टाकायची, त्याशिवाय जाम धरत नाही. पातेलं कल्हईचं. आधी मोठा जाळ, फेस बसला की मंद. उलथणं तळाला लागून फिरलं पाहिजे. झालाय का बघायला थंड ताटलीत एक थेंब टाकायचा, जरा थांबून बोटानं ढकलायचा. सुरकुती पडली की उतरवायचं. नुसता पळाला तर अजून दम धरायचा. मी दहा वर्षांचा असताना शिकलेलं हे काम दहावीच्या गणितापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

वड्या गार झाल्याशिवाय आई सुरी लावायची नाही. गरम कापल्या तर जाम वाहतो. मग उभ्या तीन रेघा, आडव्या पाच. चोवीस वड्या. त्यातल्या कडेच्या जरा कडक, मधल्या मऊ. आम्ही दोघं मधल्यांवर टपलेले. आई म्हणायची, "थोरल्यानं कापायच्या, धाकट्यानं आधी उचलायच्या." आमच्याकडं जमिनीची वाटणी करायचीही हीच रीत. वाटे थोरला करतो, पहिला वाटा धाकटा उचलतो. मग थोरला लबाडी करत नाही.

नव्वदनंतर आमच्या भागात स्ट्रॉबेरीच्या नव्या जाती आल्या. चँडलर, स्वीट चार्ली, कॅमारोसा. आम्ही बटाटा कमी करून बेड पाडले, मल्चिंगचा कागद अंथरला, ठिबक केलं. पैसा दिसायला लागला आणि घरात कुरबुरीही दिसायला लागल्या. 1998 ला वाटणी झाली. पंच बसले, जमीन वाटली, जनावरं वाटली, भांडीसुद्धा वाटली. ट्रे दादाच्या ढिगात गेला. आई माझ्याकडं राहिली. विहीर सामाईक. मोटार एक दिवस त्याची, एक दिवस माझी.

2003 च्या मार्चमध्ये विहिरीनं तळ दाखवला. माझी फळं सुकत होती. एका रात्री दादाच्या पाळीत मी दोन तास मोटार चालवली. सकाळी त्यानं विचारलं, तर मी साफ नाही म्हणालो. वर त्यालाच म्हणालो, की तूच गेल्या आठवड्यात माझं पाणी घेतलंस. शब्दाला शब्द लागला, लोक जमले आणि आमचं बोलणं तुटलं. दोन घरांत एक भिंत, पण चुलत्याच्या घरी जायचं तर पोरं माझ्या तोंडाकडं बघायची.

आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. पण दर वर्षी फेब्रुवारीत ती माझ्या पोराला दादाकडं पाठवायची, "आजीनं ट्रे मागितलाय, आन तुम्हाला इस्तवाला बोलावलंय." दादा यायचा. अंगणात निखारे सारत बसायचा. मी घरात जाम हलवायचो. तासाभरात आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. आई बारा वड्या त्याच्या ताटात घालायची, बारा माझ्या, आणि दादा ट्रे घेऊन निघून जायचा. 2010 ला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या फळाचं नाव मोठं झालं. 2011 ला आई गेली. त्यानंतर कुणी ट्रे मागितला नाही.

मग 2020 चा मार्च आला. पांचगणी, महाबळेश्वर पर्यटकांवाचून ओस पडलं. टाळेबंदी झाली आणि मुंबईची गाडी थांबली. झाडावर फळ लालबुंद, न्यायला कुणी नाही. स्ट्रॉबेरी तोडली की दोन दिवस. बटाट्यासारखी ती आढ्याखाली पडून राहत नाही. फळ झाडावर ठेवलं तर कुजतं आणि झाड खराब करतं, म्हणून मजुरी घालून तोडायचं आणि गाईपुढं ओतायचं. तिसऱ्या दिवशी गाईंनीही तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी बांधावर चार क्रेट समोर ठेवून बसलो होतो. पलीकडच्या बांधावर दादा, त्याच्याही समोर क्रेट. दोघांचं सारखंच नुकसान. घरी आलो, किलोभर फळ निवडलं, मूठभर निमकच्चं घातलं. बायको म्हणाली, "जाम कराल, पण ट्रे?"

पोराला पाठवता आलं असतं. पण तो आता तीस वर्षांचा, आणि मागणारी आजी नाही. मीच गेलो. नऊ वर्षांनी त्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो. वहिनी दारात आल्या. म्हटलं, "वहिनी, ट्रे पाहिजे होता." त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. ट्रेमध्ये मिरचीची रोपं होती. त्यांनी ती काढून दुसरीकडं लावली, ट्रे राखेनं घासला, आणि तेवढा वेळ मी उभाच. मागून दादाचा आवाज आला, "इस्तू कोण घालणार? तुला जमायचं न्हाई."

मैदा दुकानात संपला होता. घरच्या खपली गव्हाचं पीठ चाळून घेतलं. अर्धा किलो पिठाला पाव किलो तूप, पिठीसाखर, चिमटीभर मीठ. पीठ मळलं ते आमच्या दोघांच्या बायकांनी. त्याही इतक्या वर्षांनी एका परातीत. दोन वाटे पीठ ट्रेमध्ये थापलं, वर जाम, काठाला बोटभर जागा सोडून, नाहीतर जाम उतू जाऊन करपतो. उरलेला एक वाटा वरून कुस्करला.

दादा निखारे पसरत होता. पंच्याहत्तरीला आलेला, हात कापत होता, पण कुठं जाड पसरायचे आणि कुठं विरळ, ते हाताला ठाऊक होतं. मी शेजारी बसलो. बराच वेळ गेल्यावर म्हणालो, "दादा, त्या रात्री मोटार मीच चालवली होती."

त्यानं वर बघितलं नाही. चिमट्यानं एक निखारा कोपऱ्याकडं सारला. म्हणाला, "ठावं हाय. तुझ्या सरीत पाणी व्हतं सकाळी. म्या पाळीचं पाणी मागायला आलोच नव्हतो, बाळू. तू व्हय म्हणतोस का, एवढंच बघाया आलतो."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बोलण्याच्या नादात वड्या खालून करपल्या. आईच्या हातून कधी करपल्या नव्हत्या. गार होईपर्यंत कुणी उठलं नाही. मग वहिनींनी सुरी दादाच्या हातात दिली. त्यानं कापल्या, उभ्या तीन, आडव्या पाच. हात कापत असल्यानं रेघा वाकड्या आल्या. ट्रे माझ्याकडं सारून म्हणाला, "उचल."

मी कडेची उचलली.

त्या हंगामात फळाचे पैसे झाले नाहीत ते नाहीतच. सोसायटीचं कर्ज फेडायला पुढची दोन वर्षं गेली. विहिरीची पाळीही अजून आहे तशीच आहे, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. फक्त त्याची मोटार बंद झाली की दादा भिंतीवर दोनदा थापतो. माझ्या पाळीनंतर मी थापतो. ट्रे दोन्ही घरांत फिरतो. ज्याला लागेल त्यानं न्यावा. मिरचीची रोपं मात्र त्यात कुणी लावत नाही.