वाळूच्या कडेने, पायी

हस्सी लबिएद, मर्झूगाजवळ
मोरोक्को

ती. आई-बाबांस,


घरच गाडीत घालून निघालेल्या दोघांनी सहाराच्या कडेला पोहोचल्यावर गाडी दिवसभर उभी ठेवावी आणि पायी हिंडावं, हे बाबांना वेळ दवडणं वाटेल. पण ही कड चाकांवरून दिसतच नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. रिसानीकडून येणाऱ्या डांबरी रस्त्यावरून काळ्या खड्यांचं सपाट माळरान दिसतं आणि त्यापलीकडे एर्ग शेब्बीच्या नारिंगी वाळूच्या टेकड्या, सर्वांत उंच सुमारे दीडशे मीटरची. वाटतं, टेकड्या लागल्या की जगणं संपलं. पायी गेल्यावर उलटंच आढळतं. हिरवाई आहे ती टेकड्यांच्या पायथ्याला बिलगून, आणि वाळूपासून दूर जावं तसतसं उजाड होत जातं. वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस नसलेल्या या मुलखात जो काही पडतो तो सैल वाळू झटकन पिऊन टाकते. वरचा थर सुकला की खालची ओल उडून जात नाही. टणक माळावरचं पाणी मात्र वाहून तरी जातं किंवा आटतं. गावाचं पाण्याचं कोठार ते वाळूचे डोंगरच.

तिथलं पाणी बागेपर्यंत आणते ती खेत्तारा: जमिनीखालून खणत आणलेला, अगदी मंद उताराचा बोगदा. ना मोट, ना इंजिन. वर दिसतात ते फक्त ओळीने उभे मातीचे कड्यासारखे ढिगारे, मधोमध विहिरीसारखं तोंड. गाडीतून ते उकिरड्यासारखे वाटून मागे पडतात. पायी त्यांच्या ओळीने चालत गेलं की पाण्याची वाट कळते. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने बांधवलेल्या नहरीचं कूळ हेच. बागेत वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब आणि अंजीर, त्याखाली लसूणघास नि भाजीपाला. पांझरा नदीकाठच्या फड-पद्धतीत असते तशीच इथेही पाण्याची पाळी, प्रत्येक घराची वेळ ठरलेली. वाफ्यांमधल्या पायवाटा एका माणसापुरत्या. बागांच्या वरच्या अंगाला वाळूत खोचलेली झावळ्यांची कुंपणं, सरकती वाळू थोपवायला. कुंपण वाळूत बुडालं की त्यावर नवं उभारायचं. नकाशावर रेघेसारखी दिसणारी ही कड माणसं अशी हातांनी राखतात.

पायी हिंडण्याच्या माझ्या आग्रहावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा पायी फिरा म्हणणं धोक्याचं. माझं म्हणणं हिवाळ्यापुरतं धरा. चारही चाकांना ताकद असलेली गाडी एका दिवसात सगळ्या टेकड्यांना वळसा घालते, पायी त्याचा तुकडाच पदरी पडतो, हेही खरं. पण वळसा घालून टेकड्याच मोजल्या जातात. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा: खेत्तारा ही संपत आलेली गोष्ट, पंप जास्त जमीन भिजवतो, मग तिचं कौतुक कशाला? ताफिलाल्त या इथल्या भागातल्या कितीतरी खेत्तारा कोरड्या पडल्या आहेत, हे नाकारता येत नाही. झीझ नदीवर 1971मध्ये धरण झालं, पंपही वाढत गेले. पण त्या कोरड्या का पडल्या, हे पाहायला हवं. खेत्तारा उताराने येईल तेवढंच पाणी घेते. पंप पातळी खाली गेली तरी आणखी खोलवर जाऊन खेचतो, आणि पहिला तहानतो तो बोगदा. ज्याच्याकडे इंजिनाचे पैसे नाहीत, त्याची पाळी अशी हिरावली जाते. याला कार्यक्षमता म्हणायला माझं मन तयार नाही.

हॉटेलांच्या न्हाणीघरांत आणि आमच्यासारख्यांच्या गाडीतल्या टाक्यांत येतं ते पाणीही बहुधा जमिनीखालचंच. गावाची मिळकत पाहुण्यांवर चालते, तेव्हा इथे येऊच नका म्हणणं अन्यायाचं होईल. पण बादली भरताना खेत्ताराची ती ओळ डोळ्यांसमोर असायला हवी, आणि ती ज्याने चालून पाहिली त्याच्याच डोळ्यांसमोर येते.

उद्या रिसानी, पुढचं पत्र तिथून.

तुमची दोघं