ओरडायचं कोण?

मरोळ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायचे. कागदावर मी कंपनीची नव्हते, ठेकेदाराची होते. पगार 14,000. स्लिपवर दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 105 रुपये कापलेले असायचे. मालकाने त्यात स्वतःचे सव्वातीन टक्के, म्हणजे 455 घालून 560 भरायचे असतात, हे पित्ताशयात खडे झाले नसते तर मला कधी कळलंही नसतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये ऑपरेशन झालं. उपचार मिळाले, विश्रांतीचं सर्टिफिकेटही मिळालं. अडलं ते रजेच्या पैशांवर. आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते, पण जानेवारी ते जूनमधल्या आजारासाठी आदल्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. माझ्या हातात त्या सहाही महिन्यांच्या स्लिपा होत्या आणि ईएसआय ऑफिसच्या खिडकीपलीकडच्या कॉम्प्युटरवर शून्य.

ठेकेदार फोन उचलेना. कंपनीच्या एचआरमधल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “ताई, तुम्ही आमच्या रोलवर नाहीच ना.” त्यापेक्षा शिवी परवडली असती.

असल्फ्याला आमच्या वस्तीत युनियनचे एक जुने पदाधिकारी राहतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. स्लिपा पाहून ते म्हणाले, “ठेकेदार पळू दे. 1948 च्या ईएसआय कायद्याचं कलम 40 वाच. दोन्ही वाटे आधी मुख्य मालकाने भरायचे, ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्याने नंतर बघावं. आणि तुझ्या पगारातून कापलेले पैसे ही त्यांच्याकडची तुझी ठेव. ती न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे.”

हा वाद दिवाणी कोर्टात चालत नाही, त्यासाठी कर्मचारी विमा न्यायालय वेगळं आहे. तिथे वकीलच हवा असंही नाही. मी लेखी अधिकार दिला आणि अण्णाच उभे राहिले.

मला वाटलं होतं, कोर्टात मोठमोठे मुद्दे निघतील. निघालं ते आमचं रोजचं काम. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “हजेरी कोण घ्यायचं?” मी म्हटलं, ठेकेदाराचा मुकादम. “पगार?” तोही त्यानेच. वकीलसाहेब समाधानाने बसले. मग अण्णा उठले.

“बॅच बदलली की कोण सांगायचं?”

“कंपनीचे सुपरवायझर.”

“लेबल वाकडं लागलं तर ओरडायचं कोण?”

“तेच. आणि खोकी परत उघडायला लावायचे.”

अण्णांनी पॅकिंगचं रजिस्टर मागवून घेतलं होतं. प्रत्येक बॅचपुढे माझी सही आणि तिच्याखाली सुपरवायझरची. मग त्यांनी 1978 चा रॉयल टॉकीजचा निकाल पुढे ठेवला. हैदराबादच्या त्या थिएटरातलं कॅन्टीन आणि सायकल स्टँड ठेक्याने दिलेलं होतं, तरी तिथली माणसं या कायद्यापुरती थिएटरचीच कामगार, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, “साहेब, सायकली राखणारा सिनेमावाल्यांचा, मग लेबल लावणारी औषधवाल्यांची का नाही?” इतकी वर्षं ज्या ओरडण्याला मी वैतागले, तेच माझ्या कामी आलं!

निकाल 2025 मध्ये लागला. मुख्य मालक कंपनीच, थकलेली वर्गणी 12 टक्के व्याजाने भरावी आणि माझ्या रजेचे पैसे मला मिळावेत. ते आले, पण आजारपणात नणंदेकडून घेतलेली उसनवारी मी मंगळसूत्र गहाण ठेवून कधीच फेडली होती. थकबाकीवरचं व्याज ईएसआय महामंडळाला मिळालं. मी सावकाराला दिलेलं व्याज कुठल्याच कलमात बसलं नाही.

तोच ठेकेदार आता दुसऱ्या नावाने साकीनाक्याला माणसं पुरवतो. माझ्या लाइनवरच्या दोघी तिथे लागल्या आहेत. परवा त्यांच्यासोबत बसून मोबाइलवर त्यांची वर्गणी पाहिली. एकीची भरलेली दिसते. दुसरीची अजून नोंदणीच झालेली नाही. तिच्या स्लिपा मी अण्णांकडे नेऊन दिल्या आहेत.