थरथरणारें इंजिन

गेल्या वर्षीं नाताळच्या सुट्टीपूर्वीं आमच्या जुन्या डिझेल जीपला एक विलक्षण विकार जडला. रस्त्यावर वेगानें धांवतांना ती पूर्वीसारखीच धांवे. परंतु चौकांत उभी राहिली, कीं हिंवतापाच्या रोग्याप्रमाणें तिचें सर्वांग थरथरूं लागे. आरसा हाले, दारें खडखडत, आणि मागें बसलेल्या माझ्या वृद्ध मातोश्री, "अरे, हिला झालें तरी काय?" असें विचारीत.

शहरांतील एका मोठ्या कारखान्यांत जीप दाखविली. तेथील गृहस्थांनीं दोन मिनिटें आवाज ऐकून निकाल दिला : "इंजिन संपलें. सगळें खोलावें लागेल." खर्चाचा अंदाज ४५ हजार रुपये! जवळजवळ तेवढीच रक्कम मीं कन्येच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेविली होती. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी नाक्यावरच्या एका लहान गॅरेजांत गेलों. एका गाडीखालून तेलानें माखलेला तरुण बाहेर आला आणि मला पाहतांच हात पुसून अदबीनें उभा राहिला. "सर, ओळखलें का?"

ओळखलें. हा नववीपर्यंत माझ्या वर्गांत होता. पहिल्या तासाला तो हटकून झोंपे. त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं तांबड्या शाईनें "आळशी व मंदबुद्धि" असें लिहिलें होतें, आणि त्या वर्षअखेर त्यानें शाळा सोडली होती.

इंजिनाला हात लावण्यापूर्वीं त्यानें मला प्रश्न विचारले. थरथर केवळ सकाळीं, इंजिन थंड असतांना होते, कीं तापल्यावरही राहते? धूर कोणत्या रंगाचा? तापल्यावरही राहते, धूर पांढुरका व डोळ्यांस झोंबणारा, असें मीं सांगितलें. मग इंजिन ज्या रबरी माउंटिंगांवर बसतें, तीं त्यानें तपासलीं. तीं फाटलीं असतीं, तर इंजिन नीट चालत असूनही गाडी हादरली असती. पण तीं शाबूत होतीं. डिझेलच्या वाटेंत हवा शिरते काय, हें पाहण्यासाठीं त्यानें पारदर्शक नळीचा तुकडा बसविला. बुडबुडे दिसले नाहींत.

"आतां एकेकाला विचारूं," तो म्हणाला.

हें विचारणें कसें, तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा सुमारें एक-विसांश जागेंत दाबली, कीं ती इतकी तापते, कीं तींत तुषाररूपानें सोडलेलें डिझेल आपोआप पेटतें. आमच्या इंजिनास चार सिलिंडर. मिनिटाला ८०० फेरे या मंद चालीवर प्रत्येक सिलिंडरांत ४०० वेळां, म्हणजे चौघांत मिळून १,६०० वेळां जळण पेटतें. एकानें अंग काढलें, तर दर चौथा ठोका चुकतो. वेगांत असतांना जड फ्लायव्हील ती उणीव झांकून टाकतें. मंद चालीवर ती उघडी पडते.

इंजिन चालू ठेवून त्यानें पहिल्या नोझलच्या नळीचा नट किंचित् सैल केला. त्या सिलिंडरचें जळण तुटलें आणि इंजिन अधिकच अडखळलें. अर्थात् पहिला काम करीत होता. नट आवळून तो दुसऱ्याकडे वळला. तेथेंही तसेंच झालें. तिसऱ्याचा नट सैल केला, तों आवाजांत तिळभर फरक नाहीं! चौथा पुन्हां कामाचा निघाला.

"म्हणजे तिसरा सिलिंडर गेला?" मीं विचारलें.

"लगेच कसें म्हणावें, सर? त्याला डिझेलच नीट मिळत नसेल."

त्यानें दुसऱ्या व तिसऱ्या नोझलची अदलाबदल केली आणि तीच परीक्षा पुन्हां घेतली. आतां दुसरा मुका झाला व तिसरा बोलूं लागला! दोष नोझलबरोबर गेला होता. सिलिंडर निर्दोष होता. पंप-नोझलच्या दुकानांत हातपंपाला लावून पाहतां त्या नोझलमधून तुषार उडण्याऐवजीं थेंब गळत होते. दोन हजारांच्या आंत काम झालें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हल्लींच्या कॉमन-रेल इंजिनांत नळ्यांतील दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक होऊं शकतो. तेथें नट सैल करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. तेथें हीच चौकशी संगणक-यंत्र जोडून करितात.

निघतांना मीं त्याला विचारलें, "तूं वर्गांत झोंपत कां होतास रे?"

"वडील वारले होते, सर. रात्रीं मामांच्या गॅरेजांत टायर काढीत असें. पहांटे घरीं जाई."

"मला कां नाहीं सांगितलेंस?"

तो ओशाळून हंसला. "तुम्हीं विचारलें नव्हतें, सर."

ज्यानें हें यंत्र शोधून काढलें, त्या रुडॉल्फ डिझेलचें पहिलें प्रायोगिक इंजिन १८९३ सालीं ऑग्सबर्ग येथें अयशस्वी ठरलें. १८९७ सालीं तें अधिकृत कसोटीस उतरलें. मधलीं चार वर्षें त्यानें चुका शोधण्यांत घालविलीं. मीं मात्र एका मुलाचा निकाल दोन ओळींत लावला होता. कारखान्यांतील गृहस्थांवर मी रागावलों होतों. पण त्यांच्यांत व माझ्यांत अंतर तें काय होतें?

तांबडी शाई माझ्या मेजावर अजून आहे. परंतु यंदा माझ्या वर्गांत पहिल्या तासाला डुलक्या घेणारा एक मुलगा आहे. त्याच्या पुस्तकांत मीं अद्याप कांहीं लिहिलें नाहीं. गेल्या शनिवारीं सायंकाळीं त्याच्या घरीं जाऊन आलों. पालकांस एवढीच विनंती, कीं घरांत जें घडत असेल, तें आम्हांस अवश्य कळवावें. आम्हीं विचारण्याची वाट पाहूं नये.