तारीख नसलेली तपासणी

१६ एप्रिल २०२४, मंगळवार

अवंतिका एक्स्प्रेसनं सकाळी उज्जैनला उतरलो. स्टेशनबाहेर बाबांनी पोह्यांची प्लेट माझ्या हातात ठेवली, वर शेव जास्तीची घालायला लावली आणि काही विचारलं नाही. जे विचारायचं ते रात्री गाडीत विचारून झालं होतं.

काल मुंबईला अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत झाली. फोन, बॅग, सगळं बाहेर. उजवा हात वर करून शपथ, बोटांचे ठसे, मग लग्न कुठे झालं, नवरा काय करतो, शेवटचा भारतात कधी आला होता. इथवर खिडकीमागची अधिकारी बाई मोकळेपणानं बोलत होती. मग माझ्या पीएचडीचा विषय निघाला. उत्प्रेरकांवर काम केलं, रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ, एवढ्यानं भागलं नाही. कोणते धातू वापरले, प्रयोगशाळेला पैसा कुणाचा होता, निबंध कुठे छापले. तिनं बराच वेळ टाइप केलं, पासपोर्ट परत दिला आणि त्यासोबत एक छापील कागद. त्यावर कलम २२१ जी.

हे अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्यातलं कलम. कागद अपुरे असतील किंवा आणखी चौकशी करायची असेल, तर याच कलमाखाली व्हिसा तूर्त थांबवतात. कागद अपुरे असले की काय आणायचं ते लिहून देतात, ते नेऊन दिलं की काम पुढे सरकतं. दुसऱ्या प्रकाराला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग म्हणतात. तो कुठवर आला, कुणाकडे आहे, कधी संपेल, हे अर्जदाराला कळत नाही. माझा अर्ज या दुसऱ्यात गेला आहे.

संध्याकाळी बाबांनी वेबसाइट उघडली. तिथे केस नंबरपुढे 'रिफ्यूज्ड' लिहिलेलं. ते खुर्चीत नुसते बसून राहिले. तपास चालू असतानाही तिथे हेच दिसतं, हे मी त्यांना समजावलं. मान हलवली, पण रात्री जेवले नाहीत.

१९ एप्रिल, शुक्रवार

ईमेलवर आलेली प्रश्नावली आज भरून पाठवली. डीएस-५५३५ हे तिचं नाव. २०१७ च्या मे महिन्यात ती सुरू झाली. सगळ्यांना येत नाही, ज्यांची आणखी चौकशी करायची त्यांनाच येते. मागच्या पंधरा वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, सगळे परदेशप्रवास आणि त्यांचा खर्च कुणी केला. आजवरच्या सगळ्या पासपोर्टांचे क्रमांक. भावंडांची नावं आणि जन्मतारखा. पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल, सोशल मीडियावरची नावं.

पंधरा वर्षांमागे मी शाळेत होते. फ्रीगंजमधलं हे घर, मग इंदूरचं वसतिगृह, मग पुण्यातल्या खोल्या. सदाशिव पेठेतल्या काकूंचा घरक्रमांक आठवेना म्हणून जुन्या गॅसच्या पावत्या शोधल्या. काकू रात्री दहाला दाराला कडी लावायच्या, प्रयोगशाळेतून उशीर झाला तर माझ्यासाठी मात्र उठायच्या. त्या रकान्यात त्यांच्याबद्दल एवढंच आलं: कधीपासून कधीपर्यंत.

सगळ्यात जास्त वेळ नेपाळनं खाल्ला. २०१६ च्या सिंहस्थानंतर आईबाबांना घेऊन पशुपतिनाथाला गेले होते. भारतीयांना नेपाळला पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे कुठे शिक्का नाही. बागमतीच्या घाटावरच्या फोटोंवरून तारखा काढल्या. आई म्हणाली, "देवदर्शन पण सांगायचं का त्यांना?" सांगितलं. यातलं काहीच विचारायला माझी हरकत नाही. माणूस कायमचा येणार असेल तर तो कोण, कुठून आला, हे त्या देशानं पाहावं. मी सगळं खरं लिहिलंय आणि कितीही वेळा लिहायला तयार आहे.

३ मे, शुक्रवार

लग्नाला आज दोन वर्षं झाली. अ. ला सकाळी सातला फोन, त्याच्याकडे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. रोजची वेळ हीच. तो भांडी घासता घासता बोलतो, मी पोळ्या लाटताना.

एक गोष्ट मात्र आपोआप बदलली. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जोडीदार अमेरिकेत शिरला तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि अटींचं मिळतं. मुदत संपण्याआधी दोघांनी पुन्हा अर्ज करून लग्न खरं असल्याचं दाखवायचं. प्रवेशाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड. आता मी कधीही गेले तरी दुसऱ्या गटात. अ. म्हणाला, चला, एक अर्ज वाचला. मला तेवढ्यावर आनंद मानता आला नाही.

१० मे

अक्षय्य तृतीया. तिथीनं आज लग्नाचा वाढदिवस, म्हणून आईनं पुरण घातलं. शेजारच्या मावशी वाण घेऊन आल्या आणि दारातूनच, "अगं, तू अजून इथंच?" आईनं त्यांना पुरणपोळी वाढली आणि विषय वांग्यांच्या भावावर नेला.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. आमच्या गल्लीतल्या हिंदी भाषक बायकांचं वटसावित्रीचं व्रत पंधरा दिवसांपूर्वी अमावास्येला झालं, मराठी बायकांचं आज. आई म्हणाली, सिद्धवटाला जाऊ. मी सकाळी तिच्याबरोबर गेले, सूत गुंडाळलं आणि दुपारी एकटीच वेधशाळेत आले.

उज्जैन कर्कवृत्ताच्या इतकं जवळ आहे की आजच्या दिवशी मध्यान्हीला, घड्याळाच्या साडेबाराच्या आसपास, शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि इथे वेधशाळा बांधल्या. मथुरेची गेली. इथली पडायला आली होती, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. कॉलेजच्या मुलांना मी दरवर्षी हे सांगते. आज ढग येत-जात होते आणि यंत्राभोवती शाळेची मुलं गोळा झाली होती. मी चौथऱ्याच्या कडेला बसले आणि सावित्रीचा विचार करत राहिले.

तिची कथा लहानपणापासून ऐकतोय, पण तिचं एक अंग या वर्षी प्रथमच लक्षात आलं. यम सत्यवानाचे प्राण घेऊन निघाला, ती मागे चालत राहिली, आणि तो तिच्याशी बोलला. परत जा म्हणाला, मग वर माग म्हणाला, मग दुसरा, मग तिसरा. तिच्या प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे उत्तर होतं. मला उत्तर देणारं कुणी नाही. ईमेलला जे येतं ते आपोआप आलेलं असतं: आपली केस प्रक्रियेत आहे. नकार आला तर मी रडेन, भांडेन, दुसरा रस्ता शोधेन. अ. इकडे येईल, त्याचंही आमचं बोलणं झालंय. पण हो नाही, नाही नाही, अशा जागी माणसाला किती काळ ठेवायचं याला काही हद्द हवी. तपासाची मुदत ठरवून देणं एवढ्या मोठ्या देशाला अशक्य आहे, हे मला पटत नाही.

२२ जून

नेमकं काल रात्री, आपल्या वेळेनं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अ. नं सकाळी पाठवला, मी दिवसभर तोच वाचतेय.

सँड्रा मुन्योस लॉस एंजलिसची वकील, अमेरिकन नागरिक. तिचा नवरा एल साल्वाडोरचा. २०१५ मध्ये तो व्हिसाच्या मुलाखतीसाठी मायदेशी गेला आणि व्हिसा नाकारला गेला. कारण म्हणून सुरुवातीला कायद्याचं नुसतं कलम दाखवलं. त्याच्या अंगावरच्या गोंदणामुळे तो एका टोळीतला असावा असा संशय होता, हे पुढे कोर्टात गेल्यावर कळलं. टोळीशी आपला काही संबंध नाही, हे तो सांगत राहिला. तेव्हापासून नवरा-बायको दोन देशांत. निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूनं लागला, आणि बहुमतानं म्हटलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिला, विरोधातलं मत सोनिया सोटोमायोर यांनी.

ती केस नकाराची, माझी रखडण्याची, तेव्हा ती मला सरळ लागू नाही. तरी पुन्हा पुन्हा वाचलं. सोटोमायोर बाईंनी लग्नाच्या हक्काबद्दल लिहिलंय ते मला आमच्याबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. लग्नाचा हक्क मान्य करायचा आणि एका घरात राहण्याची बाब वेगळी काढायची, हे मला चूक वाटतं. फोनवर अ. बराच वेळ गप्प होता. तो त्या देशाचा नागरिक आहे आणि हा निकाल मुळात त्याच्याबद्दल आहे. मला लागला त्याहून त्याला जास्त लागला.

२३ जुलै

अ. परवाच्या रविवारी गाडी घेऊन पकिप्सीला गेला. तिथल्या दफनभूमीत डॉक्टर आनंदीबाई जोश्यांचा दगड आहे. त्यांचं निधन पुण्यात झालं, पण अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. त्याच कार्पेंटरबाईंच्या न्यू जर्सीतल्या घरी आनंदीबाई आधी उतरल्या होत्या.

फोटो बघून मी तारखा काढत बसले. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कोलकात्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला. नवरा, गोपाळराव, मागे राहिले. व्हिसा नावाची गोष्ट त्यांच्या वाटेत नव्हती. पण आदल्याच वर्षी त्या देशानं चिनी मजुरांना बंदी घातली होती, आणि १९१७ च्या कायद्यानं आशियाचा बहुतेक भाग, त्यात हिंदुस्थान, बाद केला. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला शंभर जागा मिळाल्या. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे गेले आणि आमच्यासारख्यांची वाट मोकळी झाली. नागरिकाच्या जोडीदाराला आजही संख्येची मर्यादा नाही. रांग नसलेल्या दाराशी मी उभी आहे, म्हणून जास्त जीव जळतो.

५ ऑगस्ट, सोमवार

आज आपला श्रावण लागला. महाकालाची सवारी मात्र दोन सोमवार आधीच सुरू झाली, कारण इथला श्रावण पौर्णिमेनंतर लगेच लागतो. तरी ती आपल्या श्रावणाच्या अखेरपर्यंत, म्हणजे इथल्यांच्या भादव्यातही निघत राहते. शिंदेशाहीपासून या गावात दोन्ही पंचांगं सांभाळली जातात. संध्याकाळी गोपाळ मंदिरापाशी गर्दीत उभी होते. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं हे देऊळ, आजी इथे रोज यायची. पालखी आली, डमरू, झांजा, आणि पायाखाली फुलांचा चिखल.

कॉलेजनं पुढच्या सत्राचं विचारलं होतं, ते मी लोंबकळत ठेवलं होतं. आज हो म्हटलं. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, तिकीट काढू नका, हे सरकारच्या सूचनांतही असतं, पण माणूस मनानं बॅगा आधीच भरून ठेवतो. मी गरम कपडे काढून ट्रंकेत परत ठेवले. वेबसाइट आता फक्त शुक्रवारी बघायची. 'शेवटचा बदल' म्हणून तिथे जी तारीख असते ती मधूनच सरकते आणि काहीच घडलेलं नसतं. त्या तारखेवरून मी फार संध्याकाळी घालवल्या.

बीएस्सीच्या मुलींना या वर्षी उत्प्रेरक शिकवायचे आहेत. हा धडा मी कुणाला देणार नाही.

५ ऑक्टोबर

वैद्यकीय तपासणीची मुदत संपली. ती साधारण सहा महिने चालते आणि व्हिसाही तिच्या मुदतीच्या पुढे देत नाहीत. म्हणजे उद्या तपास संपला तरी पुन्हा मुंबई, पुन्हा छातीचा एक्स-रे, पुन्हा फी. बाबा म्हणाले, "पैशाचं मनात आणू नकोस." पेन्शनीतून ते किती करतील? मनात येतंच.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नियमाप्रमाणे मुलाखत किंवा शेवटचे कागद, यांतलं जे नंतरचं, त्यापासून १८० दिवस अर्जदारानं चौकशी करू नये. ते काल भरले. आज सकाळीच रीतसर पत्र पाठवलं. अ. नं त्याच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला माहिती मिळवण्याची सही करून दिली आहे. ते वकिलातीला विचारू शकतात, निर्णय घ्यायला लावू शकत नाहीत.

तिसरा रस्ता कोर्टाचा. संघीय जिल्हा न्यायालयात मँडेमसचा दावा: व्हिसा द्या असं मागायचं नाही, निर्णय द्या एवढंच मागायचं. सरकारला उत्तराला साठ दिवस मिळतात. विलंब अवास्तव आहे का हे न्यायाधीश १९८४ च्या एका निकालातल्या कसोट्यांवर पाहतात. काहींना दोन वर्षंही जास्त वाटत नाहीत. पुष्कळदा दावा पडला की फाइल हलते, असं वकीलबाई म्हणाल्या, पण खात्री दिली नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून मला त्या पटल्या.

आई घाबरली. सरकारशी भांडलं तर कायमचं बंद करतील, असं तिला वाटतं. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं: आम्ही कुणाला खोटं म्हणत नाही, तपास करू नका म्हणत नाही, तारीख मागतोय. ती म्हणाली, "मग माग. पण कागद नीट वाचून सही कर."

दाव्याचा मसुदा अ. नं रात्री पाठवला. पान चारवर लग्नाची तारीख चुकली आहे, ती दुरुस्त करायला सांगितलं. बाकी उद्या पहिल्या तासाच्या आधी वाचून संपवते.