न्याय की सूड?

अकरावी आर्ट्सला तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा चुलते म्हणाले, "कीर्तनकार व्हायचंय काय तुला?" बोर्डात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र असे दोन विषय असतात, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. मी तरी कुठं विचार करून घेतला होता? इतिहासापेक्षा पाठांतर कमी, एवढंच ऐकलेलं.

तेही खोटं निघालं. चार्वाक, जैन, बौद्ध, मग प्लेटो, देकार्त, कांट. सगळ्यांच्या टिपा घोकायच्या. वर्ग पेंगायचा. त्याला जाग आणली वेदोक्त प्रकरणानं. पुस्तकात ते नव्हतं, सरांनीच काढलं.

१८९९ सालचं कार्तिकस्नान, पंचगंगेचा घाट. पुरोहित स्वतः आंघोळ न करता वेदातले नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे राजारामशास्त्री भागवतांनी शाहू महाराजांच्या लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं, शूद्रांना पुराणोक्तच, आणि त्याला आंघोळ लागत नाही. पुढं राजपुरोहित राजोपाध्यांनी वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करायला नकार दिला आणि १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामं जप्त केली. कोल्हापुरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांनी विचारलं ते वेगळंच : "जप्ती हा न्याय की सूड?"

वर्ग पेटला. एक म्हणाला, काम करायचं नाही तर इनाम कशाला खायचं? दुसरा म्हणाला, त्याची श्रद्धाच तशी असली तर? तेवढ्यात मागच्या बाकावरून मुरगूडकडची एक मुलगी उठली. "सर, राजा हुता म्हणून जप्ती तरी झाली. माझ्या पणज्याला कोण असं बोललं असंल, तर त्यानं काय जप्त करायचं हुतं?" सरांनाही चटकन उत्तर सुचलं नाही. कांटचं नाव त्या तासाला निघालं नाही, पण एखादा नियम सगळ्यांना सारखा लावता येतो का, हा त्याचा प्रश्न मला तिथं समजला.

या विषयाला कोल्हापूरसारखं गाव नाही. दसरा चौकात दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ, सगळं हाकेच्या अंतरावर. जातवार बोर्डिंगं काढून जात जाते का, यावर चहाच्या गाडीशी आमची कडाक्याची भांडणं व्हायची. आमच्यातली जैन मैत्रीण दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पळायची आणि जाता जाता सुनवायची, "तुझंबी बरोबर हाय, पण एका बाजूनं!" गाईडमधल्या अनेकान्तवादाच्या टिपेपेक्षा हे फार बरं होतं.

परीक्षेला यातलं काहीच आलं नाही. कर्मसिद्धान्तावर टीप आली, ती घोकलेली उतरवली, मार्क चांगले पडले. वाद घालायला शिकवणाऱ्या विषयात आमची परीक्षा झाली ती पाठांतराची, आणि त्याचा राग मला अजून आहे. म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांना एक विनंती : वर्षातून एक तरी तास पंचगंगेच्या घाटावर घ्या, आणि पोरांना भांडू द्या.