एकरूप

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्या विभागाला लागूनच भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे, पण वीस वर्षांत आम्ही तिथे गेलो असू ते बहुधा चहासाठी साखर मागायलाच. गेल्या वर्षी विज्ञानदिनाच्या आधी तिथल्या सहकारी बाईंनी भित्तिपत्रकासाठी लिहिलेले एक टिपण आमच्याकडे धाडले. "मराठी तेवढे तपासून द्या." विषय होता, इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने फुलरीनचे बहुवारिकित पातळ लेप बसवणे.

फुलरीन ऐकून ठाऊक होते. कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ गोल, बारा पंचकोन आणि वीस षटकोन जोडून फुटबॉलसारखा शिवलेला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तो १९८५ साली सापडला, १९९६ साली त्यांना नोबेल मिळाले. असा रेणू असू शकेल, हे एइजी ओसावा यांनी १९७० सालीच लिहून ठेवले होते. पण जपानीत, म्हणून बाहेर फारसे कुणी वाचले नाही. (मराठीत लिहिणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.)

टिपणातली कृती अशी. निर्वात पात्रात फुलरीनची काळसर भुकटी ठेवायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांची शलाका सोडायची. त्या माऱ्याने रेणू भुकटीतून सुटतात, काही विद्युत्‌भारित होतात. विद्युत्‌क्षेत्र त्यांना समोरच्या चकतीकडे खेचते आणि तिथे थर साचतो. नुसती उष्णता देऊन बसवलेल्या थरात हे गोल एकमेकांना केवळ टेकून असतात. टोल्यूइनमध्ये बुडवला की तो विरघळतो आणि द्रव जांभळा होतो. माऱ्यातून गेलेल्या थरात मात्र शेजारच्या गोलांतला एकेक दुहेरी बंध उघडतो, चार अणूंचा एक लहानसा चौकोन तयार होतो आणि गोल 'जोडले जातात'. मग तो थर टोल्यूइनला दाद देत नाही.

'जोडले जातात' आम्हाला फार रुक्ष वाटले. ते खोडून आम्ही 'एकरूप होतात' लिहिले. 'मारा' होता तिथे 'अभिषेक' केला. वाचकांनी हसू नये. त्या दुपारी हा शब्द सुचल्याचा आम्हाला खरोखरच आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन आल्या. 'अभिषेका'कडे त्यांनी सौजन्याने दुर्लक्ष केले. "सर, मॅडम, एकरूप झाले तर फुलरीन उरलेच कुठे? मारा प्रमाणाबाहेर गेला की तसेच होते. पिंजरे मोडतात, नुसता आकारहीन कार्बन राहतो. तो नमुना आम्ही बाद करतो."

मग त्यांनी एक आलेख दाखवला. तो रामन वर्णपट होता. ज्या शोधाच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीला विज्ञानदिन पाळतो, त्या १९२८च्या शोधाचे प्रत्यक्ष काम आम्ही प्रथमच पाहत होतो. सुट्या गोलाच्या एका कंपनाची रेषा १४६९ प्रतिसेंटिमीटरला असते. गोल जोडले गेले की ती १४६०च्या आसपास येते. "सरकते," बाई म्हणाल्या, "पुसली जात नाही." म्हणजे गोल शाबूत आहे आणि त्याला कुणीतरी धरले आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका रेषेत वाचता येतात. शिवाय थर दोनशे अंशांच्या वर तापवला तर हे बंध सुटतात, गोल पुन्हा मोकळे होतात. एकरूप झालेले असे कुठून मोकळे होणार?

'कवी निसर्गाशी एकरूप झाला आहे' हे वाक्य आम्ही किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल, देव जाणे. वाचून गुण दिले आहेत. तो कुठे जोडला गेला, कवितेत काय सरकले आणि काय शाबूत राहिले, हे कधी विचारले नाही. खरे तर वर्गात ते वाक्य आम्हीच सांगितलेले असते.

भित्तिपत्रकात 'जोडले जातात' परत आले. 'लेप' या शब्दावर आमचे अजून एकमत नाही. एकाला तो चंदनाचा वाटतो. यंदाच्या चाचणी परीक्षेत 'एकरूप' दिसले, की आम्ही समासात 'कुठे?' असे लिहू लागलो. परवा एक विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन आला आणि मग काय लिहायचे, असे त्याने विचारले. आम्ही त्याला बसायला सांगितले आणि कविता पुन्हा काढली.